पिकअप घ्यायची ती परतीच्या वाटेसाठी

कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला येऊन मला चौदा वर्षं झाली. त्यातली शेवटची नऊ वर्षं दर ऑक्टोबरात मी एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातो. यंदा दिवाळीच्या फराळाला मंडळातल्या तिघांनी वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला. "दादा, डोंगरात आणि शिकारीला न्यायला मिडसाइज पिकअप घ्यायचीय. कोणती घेऊ?" तिघांच्याही फोनवर हॉर्सपॉवरचे आकडे होते, स्क्रीन किती इंची ते होतं. मी तिघांनाही उलट विचारलं, "दार उघडून लेबल वाचलंस का?" कुणीच वाचलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. खांबावर टायरच्या हवेचं एक लेबल असतं. त्यावर एक ओळ असते: प्रवासी आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको. हा त्या एका गाडीचा आकडा असतो, मॉडेलचा नव्हे. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या एकाच कंपनीच्या दोन पिकअपमध्ये शंभर-दीडशे पौंडांचा फरक मी स्वतः पाहिलाय. एकीला सनरूफ होतं, पायदान होतं, जाड बंपर होता, आणि ते सगळं या आकड्यातूनच वजा झालं होतं. जाहिरातीत गाडी किती ओढते ते मोठ्या अक्षरात लिहितात. आपल्याला ट्रेलर ओढायचा नाही, हौद्यात आणि केबिनमध्ये वजन वाहायचंय. त्याचा आकडा दारावर आहे.

माझ्या आताच्या गाडीच्या लेबलवर ११४० पौंड लिहिलंय. ऐकायला भरपूर वाटतं. आता माझ्याबरोबर मोजा. मी आणि बरोबर येणारा माझा शेजारी, बूट-जॅकेटसकट ३९०. हौद्यावर टपासारखं बसणारं फायबरचं झाकण, म्हणजे टॉपर, १८०. कॅनव्हासचा तंबू, त्याचे दांडे आणि लोखंडी शेगडी १२०. दहा गॅलन पाणी ८३. बर्फ भरलेले दोन मोठे कूलर १४०. बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या, जॅक, फावडं, दोर ९०. दोन रायफली आणि पाठीवरच्या पिशव्या ९०. झाले १०९३. शिल्लक ४७ पौंड, आणि अजून शिकार झालेलीच नाही. एल्कची मादी जिवंतपणी पाचशे पौंडांच्या आसपास असते. हाडं काढलेलं मांसच दीडशेच्या पुढे जातं. नराचं तर विचारूच नका, सातशे पौंडांचं जनावर. येताना पाणी आणि शिधा संपलेला असतो म्हणून हिशेब कसाबसा जमतो. म्हणूनच मी हौद्यात ते सरकते लाकडी ड्रॉवर बसवले नाहीत, आणि लोखंडी रॅकही नाही. दिसायला छान असतात, पण तेवढं मांस कमी न्यावं लागतं.

वजनाचं हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझ्या पहिल्या पिकअपच्या वेळची, दुसऱ्या हंगामातली गोष्ट. फोर्ट कॉलिन्सहून हायवे १४ पूड्र नदीच्या दरीतून चढत कॅमरॉन पासला जातो, १०,२७६ फुटांवर, आणि पलीकडे नॉर्थ पार्कच्या पठारावर वॉल्डनकडे उतरतो. त्या पलीकडच्या अंगाला जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर आमचा मुक्काम होता. दुपारी चारला मादी पडली, रस्त्यापासून दीड मैल आत. पाठीवरून दोन-दोन खेपा केल्या तेव्हा रात्रीचे अकरा वाजले. आठपासून बर्फ पडत होता. तंबू, शेगडी, उरलेलं पाणी, मांस, सगळं हौद्यात कोंबलं आणि निघालो. गाडी मागून इतकी बसली होती की हेडलाइटचा उजेड रस्त्यावर पडेचना, पाइनच्या शेंड्यांवर पडत होता. स्टिअरिंग हातात अगदी हलकं लागत होतं, कारण पुढची चाकं जमिनीला नुसती टेकलेली. डांबरी रस्ता सहा मैलांवर, उतार, डाव्या हाताला ओढा. मी लो गिअरमध्ये टाकून ब्रेकवरचा पाय काढून ठेवला. माझा शेजारी बॅटरी घेऊन पायी पुढे चालत मला रस्ता दाखवत होता. सहा मैलांना अडीच तास लागले. त्या रात्री मला कळलं की जाताना कुठलीही गाडी जाते. रिकामी, उजेडात, कोरड्या रस्त्यावर. पिकअप पारखायची ती परत येतानाची.

आता हौदा. मिडसाइजमध्ये तो साधारण पाच फुटी किंवा सहा फुटी येतो. मी आग्रहानं सहा फुटी सांगेन. पाच फुटीत दोन कूलर आणि तंबू ठेवला की मांस एकावर एक रचावं लागतं, आणि तिथेच घात होतो. एल्कचं मांस थंडीतही नासतं, आतल्या उष्णतेनं. मागच्या मांडीत खुब्याच्या हाडाजवळ ऊब तासन् तास राहते. म्हणून पुढचे दोन फरे आणि मागच्या दोन मांड्या सुती पिशव्यांत घालून सुट्या सुट्या ठेवायच्या, मध्ये हवा खेळली पाहिजे. मी हौद्यात दोन बाय चारच्या लाकडाची जाळी करून टाकलीय, तळाला चार इंच मोकळं राहतं. टॉपर असेल तर दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडणारा घ्या. बंद टॉपर दुपारच्या उन्हात भट्टी होतो. आणि फाळका वजनानं किती खाली जातो, तो धरणाऱ्या तारा जाड आहेत का, तेही बघा. आम्ही मांस फाळक्यावरच ठेवून साफ करतो, त्यावर बसूनच बूट बदलतो.

सहा फुटी हौदा आणि चार दारांची केबिन दोन्ही हवं असेल तर पर्याय फार उरत नाहीत: टोयोटा टॅकोमा आणि निस्सान फ्रंटियर. गाडी त्यानं लांब होते, हे खरं. माझ्या फ्रंटियरला जंगलातल्या अरुंद वळणावर एकदा मागे घेऊन पुन्हा वळावं लागतं, आणि दोन टेकाडांच्या मधे पोट टेकायची भीती आखूड गाडीपेक्षा जास्त. मला ते चालतं. एकटे जाणाऱ्यांनी टॅकोमाची एक्स्ट्राकॅब जरूर बघावी. २०२४ पासूनच्या मॉडेलात तिला मागची सीटच नाही, तिथे सामानाची जागा आहे, आणि हौदा सहा फुटी.

शोरूमला जाताना रायफलची रिकामी केस आणि घरचा कूलर बरोबर न्या. खरंच न्या. सेल्समन बघत राहील, बघू द्या. केस मागच्या सीटवर आडवी बसते का, दार लागतं का, सीटखाली दिसणार नाही अशी जाते का, हे टेपनं मोजण्यापेक्षा ठेवूनच कळतं. कोलोराडोत गाडीत रायफल नेताना चेंबरमध्ये गोळी असता कामा नये, आणि गाडीतून गोळी झाडणं तर गुन्हाच. तेव्हा हाताशी पाहिजे म्हणून रायफल पुढे ठेवायचं काही कारण नाही.

थोडं विषयांतर करतो, कारण गावाकडून हा प्रश्न येतोच. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथे एल्कची संख्या राज्याचं वन्यजीव खातं मोजतं, परवाने ठरवून देतं, आणि बऱ्याच अंशी त्या परवान्यांच्या पैशावर खातं चालतं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचं शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं. आई अजूनही फोनवर विचारते, "बाळा, कशाला रे मुक्या जनावराला?" मी तिला सांगतो, "आई, वर्षभर घरात दुसरं मटण आणत नाही. यातलं कणभरही वाया घालवत नाही." मांस वाया जाऊ न देणं हे माझ्या लेखी शिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे, म्हणून हौद्यावर एवढं लिहिलं.

इंजिनचं सोपं आहे, पण लोक चुकतात. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के उतरते. फ्रंटियरचं ३.८ लिटरचं व्ही-६ कागदावर ३१० हॉर्सपॉवरचं. कॅमरॉन पासवर पोचेपर्यंत त्यातले सव्वादोनशेही उरत नाहीत. टर्बो हवा दाबून आत घेतो, त्यामुळे त्याची घट बरीच कमी. शेवरले कोलोराडोचं २.७ लिटरचं टर्बो ४३० पौंड-फूट टॉर्क देतं, नव्या टॅकोमाचं २.४ लिटरचं टर्बो बहुतेक ट्रिममध्ये (मॉडेलच्या उपप्रकारांत) ३१७, हायब्रिड असेल तर ४६५. चढावर या गाड्या मला मागे टाकून जातात. तरीही मी साधं इंजिन घेतलं, कारण मी गाडी पंधरा वर्षं वापरणार आहे, बॉनेट उघडून स्वतः काम करतो, आणि जितके भाग कमी तितकं माझं मन शांत. तुम्ही दर शनिवारी आय-७० महामार्गावरून ११,१५८ फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडणार असाल तर टर्बोच घ्या, माझं ऐकू नका.

चढापेक्षा उतार जास्त महत्त्वाचा. त्याच बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना मैलोन् मैल घाट आहे, आणि खाली पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास येणाऱ्या गाड्या दर खेपेला दिसतात. टेस्ट ड्राइव्हला उतारावर हातानं खालचा गिअर टाकून बघा. गाडी तो गिअर धरून ठेवते की आपणहून वर जाते? धरून ठेवणारी घ्या. आपल्याकडे कुंभार्ली घाटात एस्टीचा ड्रायव्हर जे करतो तेच इथेही करायचं: ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं.

फोर बाय फोरमध्ये एकच गोष्ट अडवून धरा: लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा आणि जास्त जोराचा वेगळा गिअरसंच. बाकीच्या बटणांची नावं कंपन्यांनी आपापली ठेवलीत. लो रेंजमध्ये गाडी माणसाच्या चालीनं, इंजिनच्या आधारानं उतरते. त्या बर्फाच्या रात्री आम्हाला तिनंच खाली आणलं. होंडा रिजलाइनला लो रेंज नाही. गाडी मला मनापासून आवडते. हौद्याखाली झाकणाची पेटी आहे, तिला पाणी काढायचं बूच आहे, म्हणजे बर्फ भरून मांस ठेवता येतं, आणि चाकांच्या मधे चार फुटी पत्रा सपाट मावतो, तो बाकीच्या बऱ्याच गाड्यांत मावत नाही. मुरुमाच्या चांगल्या रस्त्यापर्यंत जाऊन पुढे पायी जाणाऱ्यांनी खुशाल घ्यावी. माझ्या रस्त्यांना ती पुरणार नाही.

मागचा डिफरेन्शिअल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवणारी सोय, असेल तर उत्तम. पुढचाही लॉक, स्वे बार (गाडी कलू न देणारा दांडा) सोडवायचं बटण, पुढे अखंड अ‍ॅक्सल, हे जीप ग्लॅडिएटर रुबिकॉनसारख्या गाडीत मिळतं आणि दगडांवर चढायला ती खरोखर पट्टीची आहे. पण शिकारीला मुळात दगडांवर चढायचं नसतं. फॉरेस्ट सर्व्हिसच्या नकाशावर गाडीसाठी दाखवलेल्या वाटेवरूनच जायचं असतं. ऑक्टोबरात तिथे आडवा येतो तो चिखल आणि बर्फ. फोर्ड रेंजर, २०२४ पासूनची, रस्त्यावर सगळ्यांत गुळगुळीत चालते असं मला वाटलं. २.७ लिटरचं व्ही-६ टर्बोही मिळतं. पण हौदा फक्त पाच फुटी, शेवरले कोलोराडोचाही जवळपास तेवढाच. तीन लहान मुलं आणि वर्षातून एक शिकार असं असेल तर पाच फुटी घेऊन मांस एका रात्रीत घरी आणायचं, असंही जमतं. माझा मावसभाऊ तसंच करतो.

पैसे उरले तर टायरवर घाला. किंबहुना एक ट्रिम खालची गाडी घ्या आणि उरलेले पैसे टायरवर घाला. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले, जाड बाजूंचे ऑल टेरेन घ्यावेत. आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो १ सप्टेंबर ते ३१ मे फोर बाय फोरलासुद्धा टायरची नक्षी किमान ३/१६ इंच लागते, आणि टायर बर्फाला चालणारा लागतो. स्टेपनी पूर्ण आकाराची आणि त्याच मापाची हवी. विकत घेतानाच ती खाली उतरवून बघा, कारण ती हौद्याखाली टांगलेली असते आणि तिची साखळी गंजून अडकते. ते कळायची जागा जंगल नव्हे. कच्च्या रस्त्यावर हवा ३५ पीएसआयवरून २० पर्यंत उतरवली की गाडी चिखलात तरंगल्यासारखी चालते. मग डांबरीवर आल्यावर भरायला बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर लागतो.

साखळ्यांचं आधी मॅन्युअलमध्ये वाचा. बऱ्याच पिकअपमध्ये पुढच्या चाकांच्या आत साखळीला जागाच नसते, फक्त मागे चालतात. आणि मागच्या चाकांना साखळ्या आहेत म्हणून उतारावर गाडी वळेल असं नाही. माझी एकदा वळणावर सरळ गेली. मागची चाकं पकड धरून होती, पुढची दोन साबणावरून घसरावीत तशी घसरली आणि गाडी नाकानं चरात गेली. इथली काही माती पावसानंतर अशी होते की टायरची नक्षी भरून टायर गुळगुळीत लाटण्यासारखा दिसतो. आपल्या काळ्या रानात बैलगाडीच्या धावेला माती चढते, अगदी तशी. तिथे कुठलाही डिफरेन्शिअल लॉक कामाला येत नाही. उपाय एकच आणि तो फुकट आहे: थांबायचं. रात्री माती गोठते. पहाटे चारला उठून, चहा थर्मासमध्ये भरून, ऊन यायच्या आत त्या कडक झालेल्या रस्त्यावरून निघायचं. त्या चरातूनही आम्ही असेच निघालो, दुसऱ्या दिवशी पहाटे. फावड्यानं दोन हात खणलं आणि गाडी आपल्या पायांनी वर आली.

सेकंडहँड घेणार असाल तर आधी गाडीखाली झोपा. माझी पहिली पिकअप मी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका लॉटवरून घेतली होती. खाली सगळं नवंकोरं काळं दिसत होतं, मला वाटलं मालकानं जपलीय. सहा महिन्यांनी मेकॅनिकनं मागच्या पाट्यांच्या आधाराजवळ स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो चासीत आरपार गेला. गंजावर काळा रंग मारला होता. तेव्हापासून मी खिशात छोटी हातोडी नेतो. चासीवर टकटक करत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं बद्द वाजतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर आणि स्टेपनीच्या आसपास मुद्दाम ठोकून बघा, चिखल तिथे साठतो. विकणारा ठोकू देत नसेल तर गाडी घेऊ नका.

शेवटची परीक्षा. साठ पौंडांची वाळूची पोती मिळतात, तशी आठ घ्या. लॉटवर विचारा, "हौद्यात घालून चालवून बघू का?" मला दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्यानं हो म्हटलं, आणि मी त्याच्याकडूनच घेतली. चारशे ऐंशी पौंड मागे टाकून मी रिस्ट कॅनियनचा चढ चढलो आणि तसाच उतरलो. मागचा भाग किती बसतो ते बाहेर उतरून बघितलं, खड्ड्यावर मागून ठोका येतो का ते ऐकलं, उतारावर गिअर धरतो का ते बघितलं, भिंतीसमोर उभी करून हेडलाइटचा उजेड कुठे पडतो ते बघितलं. पोती टाकून देऊ नका. हिवाळ्यात रिकाम्या पिकअपची मागची चाकं बर्फावर नाचतात. त्यांतली चार पोती मागच्या अ‍ॅक्सलच्या वर ठेवायची, आणि कुठे अडकलात तर एक फोडून वाळू चाकाखाली टाकायची.